दहा किलोहर्ट्झ ते तेराशे मेगाहर्ट्झ, व्हाया लोणावळा

या रेडिओला चालू-बंद करायची एक कळ सोडली तर दुसरं बटण नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आमच्या तुंगार्लीच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा तो हातात घेतो, उलटासुलटा करून बघतो आणि विचारतो, "स्टेशन कुठून लावायचं?" आमच्या पिढीने रेडिओचा कान पिळून स्टेशन लावलं. फारच खरखर केली तर डोक्यात एक टपली मारली. या डब्याला ना कान, ना टपली मारण्याजोगं डोकं. त्याचा कान कॉम्प्युटरच्या पडद्यावर असतो आणि तो माउसने पिळावा लागतो. एवढं सांगून झालं की पाहुणा डबा खाली ठेवतो आणि चिक्की कुठल्या दुकानातली चांगली, या विषयाकडे वळतो.

जपानच्या आयकॉम कंपनीने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात 'पीसीआर-१०००' नावाचं हे प्रकरण बाजारात आणलं. आत रेडिओ, बाहेर नुसता डबा, आणि मागून कॉम्प्युटरला जाणारी एक केबल. पल्ला १० किलोहर्ट्झ ते १३०० मेगाहर्ट्झ. आकाशवाणीचं पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला लागतं, ते या पल्ल्याच्या उंबरठ्यावरच आलं. तिथून आत शिरलं की लघुलहरी, हॅम म्हणजे हौशी रेडिओवाली मंडळी, एफएम, हवामानाचे उपग्रह, आणि पार माजघरात १०९० मेगाहर्ट्झवर आकाशातली विमानं आपापला ठावठिकाणा सांगत फिरत असतात. एका माणसाने जन्मभर ऐकावं आणि तरी नातवंडांसाठी थोडं उरावं, इतका ऐवज.

माझ्याकडे हा तिसऱ्या की चौथ्या हाताने आला. ठाण्याच्या एका मित्रालाही असाच हवा होता, पण कुठलीही वस्तू आधी दुसऱ्याने घेऊन बघावी हा त्याचा बाणा. "तू लोणावळ्याला राहतोस. तिकडे शांतता. नीट मूल्यमापन कर आणि मला आकडे पाठव," त्याने फर्मावलं. आकडे म्हणजे संवेदनशीलता किती, शेजारच्या स्टेशनाची घुसखोरी किती, इमेज रिजेक्शन किती. यातलं शेवटचं म्हणजे भुताटकीचा हिशेब असतो. खरं स्टेशन एकीकडे आणि त्याचं भूत भलत्याच फ्रीक्वेन्सीवर गाणी म्हणत बसतं. ते भूत यंत्र किती दाबतं, हे डेसिबलमध्ये सांगायचं. मित्राला सगळं डेसिबलमध्ये लागतं. लोणावळ्याला शांतता असते, ही समजूत मात्र त्याने न मोजताच करून घेतली होती.

पहिली अडचण केबलची. डब्याशी बोलायला नऊ पिनांचा सीरियल पोर्ट लागतो आणि हल्लीच्या लॅपटॉपला तो नसतो. म्हणून कन्व्हर्टर आणला. कन्व्हर्टरला ड्रायव्हर लागला. तो ड्रायव्हर नव्या विंडोजशी बोलेना. मग चुलतभावाच्या माळ्यावरून विंडोज एक्स्पीचा लॅपटॉप उतरवला, त्याच्या पिशवीतल्या झुरळांसकट. त्याची बॅटरी केव्हाच वारलेली, त्यामुळे तो चार्जर लावला तरच जागा होई. आणि त्या चार्जरने अशी खरखर सोडली, की उंबरठ्यापासून थेट ३० मेगाहर्ट्झपर्यंत मला एकच स्टेशन लागू लागलं. ते स्टेशन म्हणजे तो चार्जर. चोवीस तास अखंड प्रसारण, मध्ये जाहिराती नाहीत.

थोडक्यात, रेडिओ चालवायला कॉम्प्युटर पाहिजे, आणि कॉम्प्युटर चालू असेपर्यंत रेडिओ ऐकू येत नाही. यात कोणाचाच दोष नाही. हल्लीचा कुठलाही अडॅप्टर आत बसून सेकंदाला हजारो वेळा वीज तोडतो आणि जोडतो. म्हणून तर तो काडेपेटीएवढा मावतो. पण प्रत्येक तोडजोडीगणिक तो एक बारीकसा प्रक्षेपक असतो, आणि एका मध्यमवर्गीय घरात असे प्रक्षेपक किती असतात हे घरमालकाला माहीत नसतं. मलाही हा डबा यायच्या आधी माहीत नव्हतं.

गुन्हेगार शोधायची रीत सोपी आहे. लॅपटॉपला नवी बॅटरी घालायची, रेडिओला स्कूटरच्या बॅटरीवर घ्यायचं, आणि मग घराचे एमसीबी एकेक करून पाडायचे. कुठल्या एमसीबीला खरखर खाली बसली ते कागदावर लिहायचं. रीत सोपी, घर अवघड. पहिला एमसीबी पाडला तर न्हाणीघरातून "अहो, गिझर!" दुसरा पाडला तर माडीवरून "बाबा, माझी परीक्षा चालूये ऑनलाइन!" तिसरा पाडल्यावर काहीच आवाज आला नाही, म्हणून मी निर्धास्त होतो, तर तो फ्रिजचा निघाला आणि ती बातमी संध्याकाळी दुधाने दिली. तरी पंचनामा पुरा झाला. सेट-टॉप बॉक्स दोषी. पाण्याच्या फिल्टरचा अडॅप्टर दोषी. डास मारायच्या रॅकेटचा चार्जर महादोषी. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे मध्यम लहरींवर पुणे केंद्राच्या डोक्यावर बसलेली जी एक विशिष्ट घरघर होती, तिचा माग काढत काढत मी हातात ट्रान्झिस्टर धरून गेलो, तो देवघरात पोचलो.

देवाच्या मागे एलईडीची माळ होती. लाल, हिरवी, मग दोन्ही, मग लुकलुक. आईने तुळशीबागेतून आणलेली.

"आई, ही माळ रेडिओ बिघडवतेय."

"देवाच्या दिव्याने रेडिओ बिघडतो?" आई म्हणाली. "मग रेडिओ बदल."

वाटाघाटी बरेच दिवस चालल्या. शेवटी माळ गेली आणि माळ्यावरची पितळी समई चिंचेने घासून खाली आली. तेलवातीला कुठल्याही फ्रीक्वेन्सीवर खरखर नसते, हे मी यंत्राने तपासून सांगू शकतो. आई त्या दिवसापासून शेजारणींना सांगते की आमच्याकडे पुन्हा समई लागते, मुलाचं मन देवाकडे वळलंय. मी खुलासा केलेला नाही.

घर शांत झालं तरी गाव उरतंच. मावळाचं आणि विजेचं नातं जुनं आहे. टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरवट्याच्या तलावांत पाऊस अडवला, तो नळांतून घाटाखाली खोपोलीला टर्बाइनवर सोडला, आणि १९१५ साली त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. पुढे १९३०च्या सुमाराला कल्याणहून पुण्यापर्यंत रेल्वेही विजेवर आली आणि बोरघाटात वाफेच्या इंजिनांचं धापा टाकणं संपलं. पाणी आमचं, वीज त्यांची, आणि शंभर वर्षांनी उरलेली खरखर पुन्हा आमची. पावसाळ्यात ओल्या तारेला इंजिनाचा पेंटोग्राफ घासून ठिणगी उडाली की माझ्या हेडफोनात ती कडाडते. गाडी घाट चढून आली हे मला फलाटावरच्या हमालाच्या आधी कळतं. याचा उपयोग काय, असं विचारू नये. छंद आहे.

पण रेल्वेची ठिणगी परवडली. शुक्रवारची संध्याकाळ नको. एक्सप्रेसवे झाल्यापासून मुंबई इथून दोन तासांवर आली, निदान जाहिरातीत तरी. आमच्या गल्लीतले अर्धे बंगले आता 'व्हिला' झालेत. शुक्रवारी अंधार पडला की पोहण्याच्या हौदाच्या मोटारी सुरू होतात, झाडांच्या बुंध्यांना गुंडाळलेल्या एलईडी पट्ट्या पेटतात, डीजेचा ॲम्प्लिफायर गरम होतो, आणि माझ्या पडद्यावरची खरखरीची रेघ वर चढू लागते. शनिवारी रात्री ती माथ्यावर. रविवारी दुपारी जेवणं आटोपून गाड्या रांगेला लागल्या की उतार. सोमवारी सकाळी ती इतकी खाली येते की बिचारीची कीव यावी. गावात पर्यटक किती आले याची मोजदाद ज्याला हवी असेल त्याने माझ्याकडे यावं. टोलनाक्यापेक्षा माझा आकडा प्रामाणिक आहे, कारण मी पैसे घेत नाही.

तशी शांततेसाठी लोणावळ्याला येण्याची परंपरा जुनीच. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली इथे कैवल्यधाम काढलं आणि योगाभ्यासाला प्रयोगशाळेतली यंत्रं लावून पाहिली. मन शांत झाल्यावर शरीराचं काय होतं, हे मोजायचा तो उद्योग. माझा उद्योग उलट. घर शांत झालं की मनाचं काय होतं ते मला कळतं, आणि बायकोला माझ्या चेहऱ्यावरून कळतं.

ते सर्वांत ठळक कळतं लाइट गेल्यावर. जुलैत इथे लाइट जाणं हे वर्तमानपत्र येण्याइतकं नेमाचं. कुठेतरी फांदी पडते, धप्पकन अंधार होतो, आणि सगळ्या गल्लीतून एकसुरात "गेऽऽली" असा आवाज उठतो. त्याच क्षणी आमच्या घरातून एक वेगळा आवाज उठतो, "गेली!" एकाच शब्दात दोन भावना. हेडफोनात तर कोणी खोलीभर पसरलेलं जाड कांबळं उचलल्यासारखं होतं. जिथे नुसता गोंगाट होता तिथे एकाखाली एक स्टेशनं उभी असतात. अरबी, चिनी, रशियन, कुठल्यातरी चर्चचं प्रवचन, आणि मग पुन्हा चिनी, कारण लघुलहरींवर आता चीनच चीन आहे. बीबीसी हिंदीने २०२०च्या जानेवारीअखेर लघुलहरींवरून मुक्काम हलवला, आणि आपली विदेश सेवाही आटोपती होत गेली. उरलेल्या जागेत चिनी मंडळी इतक्या गोड हिंदीत बोलतात, की आई एकदा म्हणाली, "मुलगी चांगल्या घरची वाटते."

हे सुख शेजारचे काका त्यांचा इन्व्हर्टर चालू करेपर्यंत टिकतं. तो इन्व्हर्टर जुन्या वळणाचा आहे. त्याची वीज सरळ लाटेसारखी न येता पायऱ्या पायऱ्यांनी येते, आणि प्रत्येक पायरीवर खरखर पाय आपटते. काकांना मी एकदा सुचवून पाहिलं, की लाइट गेल्यावर अर्धा तास अंधारात बसण्यानेही प्रकृतीला फायदा होतो. त्यांनी माझ्या बायकोला हळूच विचारलं, "यांचं सगळं ठीक आहे ना?"

तार टांगायची कथा स्वतंत्र आहे. पूर्वी रेडिओला तांब्याच्या जाळीची पट्टी भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणत असत. तेवढं पुरे. या डब्याच्या इभ्रतीला तेवढं पुरत नाही. त्याला मी गच्चीपासून मागच्या जांभळापर्यंत लांब तार नेली. लोणावळ्याच्या माकडांनी त्याच संध्याकाळी तिची पाहणी केली. त्यांना ती पटली नाही. त्यांनी ती मधोमध ओढून पन्हाळीला अडकवली, एक टोक पेरूत सोडलं आणि त्यावर पिल्लाने झोका घेतला. मी चिडून खाली आलो, डबा लावला, तर ४१ मीटरचा पट्टा आधीपेक्षा स्वच्छ. रेषा बदलली, दिशा बदलली, घरापासूनचं अंतर वाढलं, काय झालं देव जाणे. ठाण्याच्या मित्राने रचनेचा नकाशा मागितला. मी काढून पाठवला. आता तो गच्चीत ती रचना उभी करण्याच्या खटपटीत आहे, पण त्याच्या सोसायटीत पेरू नाही.

तार दिसली की माणसं प्रश्न विचारतात. पहिला, "पोलिसांचं ऐकू येतं का?" दुसरा, "पाकिस्तान लागतं का?" हे दोन प्रश्न याच क्रमाने न विचारणारा मराठी माणूस मला भेटायचाय. पाकिस्तानचं उत्तर सोपं आहे. पोलिसांचं उत्तर असं, की प्रसारण हे सगळ्यांसाठी असतं, बाकीच्यांची बोलणी आपल्यासाठी नसतात, आणि कायद्यालाही तसंच वाटतं. १८८५चा तार कायदा, १९३३चा बिनतारी कायदा आणि आता २०२३चा दूरसंचार कायदा, अशा तीन पिढ्यांचे वडीलधारे या डब्याकडे डोळे वटारून बसलेत. एके काळी नुसता घरगुती रेडिओ बाळगायलासुद्धा लायसन लागे. वडील दर वर्षी पोस्टात जाऊन लायसनच्या पुस्तकावर शिक्का घेत, आणि घरी आल्यावर रेडिओ उगीच जरा जास्त वेळ लावत, पैसे वसूल म्हणून. १९८०च्या दशकात ते लायसन गेलं. त्यातून आमच्या गावात १९४५पासून आयएनएस शिवाजी, म्हणजे नौदलाचं अभियांत्रिकी शिक्षणाचं केंद्र. गच्चीवर लांब तार, खोलीत हेडफोन लावलेला माणूस आणि गावात नौदल, एवढं साहित्य शेजाऱ्यांच्या कल्पनाशक्तीला भरपूर होतं. म्हणून मी हेडफोन काढून मोठ्याने विविध भारती लावतो. देशभक्तीचा तेवढा पुरावा पुरतो.

विविध भारतीवरून एफएम. मूल्यमापन करणाऱ्यांनी लोणावळ्याला एकदा तरी येऊन जावं ते एफएमसाठी. रेडिओ मिर्ची मुंबईतही ९८.३ मेगाहर्ट्झवर आणि पुण्यातही ९८.३ वरच. रेडिओ सिटी दोन्हीकडे ९१.१. रेड एफएम दोन्हीकडे ९३.५. दोन शहरांत अंतर पुरेसं आहे, म्हणून एकाच नंबरावर दोघांचं भागतं. पण मध्ये लोणावळा आहे हे कोणाच्या ध्यानात आलं नसावं. एफएमचा स्वभाव असा की दोन स्टेशनं एकाच जागी आली तर तो दोघांची खिचडी करत नाही. जरासं जास्त जोरदार जे असेल त्याला धरतो आणि दुसऱ्याला साफ गिळून टाकतो. त्यामुळे आमच्या पुढच्या खिडकीत सायनला गाड्या अडकलेल्या असतात आणि मागच्या पडवीत चांदणी चौकात. मी डबा घेऊन दिवाणखान्याच्या मध्यावर बसलो तर वाक्य सायनला सुरू होऊन चांदणी चौकात संपतं. मी मान हलवली तरी शहर बदलतं. एकदा गाणं मुंबईतलं आणि त्याच्या शेवटी दिलेली वेळ पुण्यातली, असंही झालं. वेळ एकच निघाली, एवढं समाधान.

इथे यंत्राची संवेदनशीलता वगैरे काही चालत नाही. लोणावळ्याचा माणूस नक्की कुठला, मुंबईचा की पुण्याचा, हा प्रश्न १०० मेगाहर्ट्झच्या आसपास आजवर सुटलेला नाही. चिक्कीच्या दुकानांनी तो कधीच सोडवून टाकला आहे, पण त्यांना रेडिओ लागत नाही, गल्ला लागतो.

आता डब्याच्या प्रतिस्पर्ध्याबद्दल. मुलीच्या एका मित्राने अंगठ्याएवढी चावी आणली आणि लॅपटॉपला खोचली. ही मुळात कॉम्प्युटरवर टीव्ही बघायची चिनी वस्तू. तिच्यातली रिअलटेकची चिप कच्चा सिग्नल जसाच्या तसा कॉम्प्युटरच्या हवाली करू शकते, हे २०१२च्या सुमाराला हौशी मंडळींच्या ध्यानात आलं, आणि बावीस-चोवीस मेगाहर्ट्झपासून सतराशेच्याही पुढे जाणारा रेडिओ पाच-पन्नास वडापावच्या किमतीत घरोघर झाला. एका वेळी दोन-अडीच मेगाहर्ट्झचा पट्टा ती पडद्यावर रंगीत ओतत राहते. त्याला 'वॉटरफॉल' म्हणतात. भुशी डॅमवरच्या गर्दीत न भिजता बघता येणारा लोणावळ्यातला हा एकमेव. डब्यातला रेडिओ हा जपानी कारागिरांनी वर्षभर घासून केलेला. चावीतला रेडिओ म्हणजे आठ बिटांचं गणित. तरीही माझा डबा एका बाजूला आणि ती चावी दुसऱ्या बाजूला ठेवून ऐकलं, तर एफएमच्या वरच्या अंगाला दोघांत डावं-उजवं करणं कठीण गेलं. मी ते त्या मुलासमोर बोलून दाखवलं नाही. वय झालेल्या यंत्राचा पाणउतारा करू नये.

चावीवर आम्ही उपग्रहाचं चित्र उतरवायचा घाट घातला. एनओएएचे जुने अमेरिकन उपग्रह आठशे किलोमीटरवरून जाता जाता १३७ मेगाहर्ट्झवर ढगांचं चित्र सोडत, सेकंदाला दोन ओळी. त्यासाठी सुमारे ५३ सेंटिमीटरच्या दोन दांड्या इंग्रजी व्हीच्या आकारात आडव्या धरायच्या. दांड्या कापायला प्लंबरला बोलावलं. तो बराच वेळ दोन्ही टोकांत डोळा लावून बघत राहिला आणि म्हणाला, "पाणी कुठून सोडायचंय?" ऐन आषाढात, छत्री धरून, चित्र आलं. सगळे भोवती जमले. ओळीमागून ओळ सरकत अरबी समुद्र आला, किनारा आला, आणि सह्याद्रीवर पांढराशुभ्र गोळा आला.

"हे काय?"

"लोणावळ्यावर ढग आहेत," मी म्हणालो.

आईने खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आत निघून गेली. आमची दांडी फुकट गेली असं नव्हे, पण २०२५च्या पावसाळ्यात अमेरिकेने उरलेले तिन्ही एनओएए एकामागून एक निवृत्त केले. रशियाचे मेटिऑर अजून त्याच पट्ट्यात फिरताहेत. ढगही आहेतच.

मित्राचा आकड्यांसाठी तगादा थांबेना, तेव्हा खऱ्या शांततेत जाऊन मोजणं भाग पडलं. शांततेसाठी जागा निवडणं ही पुणे जिल्ह्याची जुनी खोड. १९२७ साली इंग्लंडशी बिनतारी संपर्क सुरू झाला तेव्हा पाठवायचं केंद्र खडकीला होतं आणि ऐकायचं पार दौंडला. ओरडणाऱ्याच्या शेजारी बसून कुजबुज ऐकता येत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र. जुन्नर तालुक्यात खोडदला गोविंद स्वरूप यांनी जीएमआरटी उभारली, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, तीही माणसांच्या खरखरीपासून लांब बघूनच. त्यांना दीर्घिका ऐकायच्या होत्या. मला मित्राचं तोंड बंद करायचं होतं. मी आंदर मावळात गेलो.

भाताची कापणी झालेली. बांधावर डबा ठेवला, पळसाच्या झाडाला तार बांधली, दुसरं टोक हातात धरून खाचरातून चालू लागलो. इतक्यात एक म्हातारबाबा आले आणि माझ्या पावलांमागून पावलं टाकू लागले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच, "लागलं का?"

"अजून नाही," मी म्हणालो. मला वाटलं, ते स्टेशनबद्दल विचारताहेत.

"किती फुटावर लागंल?"

पाणाड्या समजले होते. मी रेडिओ म्हणून सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. तोवर मोटारसायकलवरून दोन तरुण उतरले, त्यांनी तार बघितली, खुणेचा खांब कुठे रोवलाय ते शोधलं आणि एकाने थेट मुद्द्याला हात घातला. "सायेब, रिंगरोड हितनंच का वरल्या अंगानं?" मी पुन्हा रेडिओ म्हणून सांगितलं. ते एकमेकांकडे बघून हसले. सरकारी माणूस खरं सांगत नाही हे त्यांना ठाऊक होतं. जाताना म्हणाले, "आमच्या गटाच्या वरनं घ्या, चहा घ्यायला या." माझ्या तारेने त्या दिवशी आंदर मावळात जमिनीचा भाव थोडा तरी हलवला असणार.

अंधार पडल्यावर मात्र सोनं झालं. खरखरीची रेघ पडद्याच्या तळाशी जाऊन झोपली. सात मेगाहर्ट्झवर हॅम मंडळी. यांना परीक्षा देऊन परवाना मिळतो, नावाऐवजी 'व्हीयू'ने सुरू होणारी खूण मिळते. राजीव गांधींनाही होती. एक गृहस्थ कर्नाटकातून, दुसरे बहुधा गुजरातेतून. आयनांबरावरून टप्पा घेऊन, सह्याद्री ओलांडून दोन माणसं बोलताहेत, मी श्वास रोखून ऐकतोय. पहिले म्हणाले, तुमचा आवाज पाच-नऊ, म्हणजे खणखणीत, येतोय. दुसरे म्हणाले, तुमचाही पाच-नऊ. मग अँटेना कुठली, किती उंच, तार कुठल्या दुकानातली, आणि गुडघे कसे आहेत. पुन्हा पाच-नऊ. निरोप. पूर्वी ट्रंक कॉल लागला की माणसं 'हॅलो, ऐकू येतंय का' याच्यातच तीन मिनिटं संपवत. तीच परंपरा या मंडळींनी विनामूल्य चालू ठेवली आहे.

आकडे लिहून घेतले. डबा उत्तम निघाला. हाच डबा तुंगार्लीला जेमतेम काठावर पास झाला होता, तोच बांधावर विशेष योग्यतेत आला. मी दोन्ही तक्ते मित्राला पाठवले. त्याने विचारलं, "यातला यंत्राचा आकडा कुठला?" आता हे त्याला ठाण्यात बसून कसं सांगायचं? माझ्याकडे यंत्राचा आकडा नव्हताच. शुक्रवारचा होता, सोमवारचा होता, समई लागल्यानंतरचा होता, काकांच्या इन्व्हर्टरचा होता.

मे महिन्यात या डब्याला घरात मानाची जागा मिळाली. गच्चीवर वाळवणं पडली होती, कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या चिकवड्या. वळवाचे दिवस. मी मध्यम लहरींच्या तळाशी, जिथे एकही स्टेशन नाही अशा रिकाम्या जागी, काही भूत दिसतंय का ते तपासत बसलो होतो. मधूनच कड्कड् असं वाजे. आकाश निरभ्र. थोड्या वेळाने कडकडाट दाटला. वीज कुठेही चमकली की ती रेडिओच्या भाषेत ओरडते, आणि मध्यम लहरींवर ते ओरडणं पुष्कळ लांबून ऐकू येतं. ढग क्षितिजावर दिसायच्या आधी. मी खिडकीतून ओरडलो, "वाळवणं काढा!" बायकोने उन्हाकडे बघितलं, तरी सवयीने नव्हे तर दयेने ती वर गेली. तासाभरात घाटाकडून असा वळीव आला की काकांच्या गच्चीवरच्या सांडग्यांची भजी झाली.

त्यानंतर गल्लीतल्या बायका सकाळी फोन करू लागल्या. "काकू, तुमचा रेडिओ आज काय म्हणतोय? घालू का कुरडया?" आई माझ्या खोलीच्या दाराशी येऊन विचारते, मी हेडफोन लावून, गंभीर चेहऱ्याने, रिकाम्या फ्रीक्वेन्सीवर काहीच नसलेलं ऐकतो आणि हाताने हो किंवा नाही करतो. चावी या कामाला चालत नाही, तिचा पल्ला इतका खाली उतरत नाही. दोन सेलवर चालणारा आमचा जुना ट्रान्झिस्टर अगदी सहज चालतो, पण ते मी घरात कोणाला सांगितलेलं नाही, आणि तो ट्रान्झिस्टर सध्या माळ्यावर, समईच्या रिकाम्या जागी ठेवला आहे.

परवा ठाण्याहून पुन्हा फोन. "शेवटचं विचारतो. घेऊ का नको? इमेज रिजेक्शन किती आहे ते तरी सांग."

"ते राहू दे," मी म्हणालो. "तुमच्याकडे यंदा कुरडया भिजल्या का?"